सतरा नंबर

"ही शाळा हाय, धर्मशाळा नव्हं," मी म्हणाले. "नापास पोरगी ठेवून घेऊ आणि माझा निकाल कुणी लावायचा? तुम्ही?"

समोर उभा असलेला तरुण मुलगा रुमालानं मान पुसत म्हणाला, "सर, पण तिच्या घरची परिस्थिती बघितली तर..."

"परिस्थिती माझी बी वाईटच हाय. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला न्हाई, तर चेअरमन मला घरी बसवत्याल. मग तुम्ही येणार का माझ्या घरची परिस्थिती बघायला?"

हॉलभर हशा झाला. मी खुर्चीत मागं रेलले. खुर्चीच्या पाठीवर कागद चिकटवला होता, 'मुख्याध्यापक'. बसण्याआधी मी तो वाचून घेतला होता. मी वाचायला शिकले तेव्हा माझ्या थोरल्या लेकीच्या मांडीवर मूल होतं. त्याच्या आधीचं सगळं आयुष्य मी खाणीत दगड फोडत काढलं. साक्षरतेचा वर्ग आमच्या वडार वस्तीत आला आणि ज्या हातात घण होता त्या हातानं मी 'साबव्वा' लिहिलं. तेव्हापासून समोर अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

"हेंद्रे, बसा," ओतारी ताई म्हणाल्या. "आज्जींनी तुम्हाला दारातनंच परत पाठवलं."

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमच्या तालुक्यातल्या हायस्कुलांना समुपदेशक द्यायचे ठरले होते. समुपदेशक म्हणजे मुलांचं ऐकणारा, त्यांना धीर देणारा माणूस. ओतारी ताईंची संस्था त्या नव्या लोकांना शिकवत होती. ताई शिकवायच्या ते नाटक करून. एकानं मूल व्हायचं, एकानं समुपदेशक आणि मी मुख्याध्यापक. वस्तीतल्या पोरांना शाळेत घालायला मी इतक्या मुख्याध्यापकांपुढं उभी राहिले होते, की त्यांची सगळी वाक्यं मला पाठ होती. ताई म्हणायच्या, "आज्जी, दया दाखवू नका हं. ते दाखवत नाहीत."

एका दुपारी ताईंनी जे सांगितलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतं.

"मुलाचे डोळे पुसणं हे अर्धंच काम आहे. डोळे पुसले आणि ज्यानं रडवलं त्याला नमस्कार करून घरी गेलात, तर तुम्ही शाळेचे नोकर. त्या खुर्चीपुढं मुलाच्या बाजूनं उभं राहिलात, तर समुपदेशक."

मग एकीनं विचारलं, "पण ताई, मूल तोंडच उघडत नसेल तर?"

"तर खोदू नका. आधी तुम्ही स्वतःचं थोडं सांगा. तुम्हीही कधी नापास झालात, तुम्हालाही कुणाची भीती वाटते. मोठं माणूस आपल्यासारखंच आहे हे कळलं, की मूल बोलायला लागतं."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मीही घेतलं. माझं अक्षर मोठं, त्यामुळं तेवढ्यालाच पानभर जागा लागली.

शेवटच्या दिवशी हेंद्रेनं मला हरवलं. त्या दिवशी त्यानं विनवण्या केल्या नाहीत, परिस्थिती सांगितली नाही. टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पालकांनी मागितल्याशिवाय दाखला देता येत नाही. हे पालक मागत नाहीत. मुलीची फेरपरीक्षा घ्यावी लागेल. ते ठरेपर्यंत मी इथून हलत नाही."

मी धमकावलं, हसून बघितलं, त्याच्या कपड्यांना नावं ठेवली. तो हलला नाही. शेवटी मीच म्हणाले, "बरं बाबा, ऱ्हाऊ दे पोरगी."

टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी तो माझ्या पाया पडायला वाकला तर मी त्याला धरलं. "खऱ्या खुर्चीपुढं असाच उभा ऱ्हा म्हंजे झालं."

"राहीन की आज्जी," तो म्हणाला.

जूनमध्ये त्याला आमच्याच हायस्कुलात नेमलं.

माझी नात अंबिका तेव्हा नववीत होती. थोरल्या लेकीची ही मुलगी. आईबाप कालव्याच्या कामावर गावोगाव फिरायचे, ती माझ्याजवळ राहायची. त्या वर्षी तिच्या आईला दिवस गेले होते, म्हणून पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत अंबिकाला तिकडं जाऊन राहावं लागलं. परत आली तोवर गणित आणि इंग्रजी पार पुढं निघून गेलं होतं. डोकं वाईट नव्हतं तिचं. वस्तीतल्या बायकांना दवाखान्यातल्या गोळ्यांपैकी कुठली कधी घ्यायची ते तीच सांगायची. दहावी, मग बारावी आणि मग नर्सचं शिक्षण, असं तिनं ठरवलं होतं. ठरवलेलं ती कुणाला सांगत नसे. मला ठाऊक होतं, कारण सरकारी दवाखान्यात गेलो की ती नर्सबाईंच्या बुटांकडं बघत बसायची.

बोलणं तिचं आधीपासूनच कमी. शाळेत तर नाहीच. पण दिवाळीनंतर ती घरी येऊन हेंद्रे सरांचं बोलायला लागली.

"अव्वा, सर पण नववीत गणितात नापास झालेले."

"मग सर कसा झाला?"

"परत बसले. पास झाले." थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांच्या वडिलांनी त्यांना मारलेलं. सगळ्यांसमोर."

मी भाकरी थापत होते. मला बरं वाटलं. ताईंनी शिकवलेलं हा पोरगा विसरला नाही म्हटलं. शनिवारी शाळा सुटल्यावर तो तिला गणित समजावून द्यायचा. तिचे मार्क दोनाचे सात, साताचे अकरा झाले.

फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, "अव्वा, सरांची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय."

"तुला कुणी सांगितलं?"

"सरांनीच. त्यांना भीती वाटते. पहिलं बाळ त्यांचं राहिलं नाही." ती चुलीत काटकी सारत होती. "त्यांची ऑर्डर अकरा महिन्यांची असते. मुख्याध्यापकांनी चांगलं लिहून पाठवलं तरच पुढची मिळते. न्हाईतर बाळ यायच्या टायमाला नोकरी जायची."

मी हसले. "अगं, सर तुझं ऐकतोय का तू सराचं?"

तीही हसली. "दोघं पण," म्हणाली.

एप्रिलमध्ये मला शाळेतून बोलावणं आलं.

फाटकावर मोठा फ्लेक्स होता: 'सलग सहा वर्षे शंभर टक्के निकाल'. मी तो वाचून आत गेले. हे शंभर टक्के कसे होतात ते आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. नववीत जो कच्चा असेल त्याच्या घरच्यांना बोलवायचं आणि सांगायचं, नववी पास करून देतो, पण दाखला काढून न्या आणि सतरा नंबर भरा. सतरा नंबरचा अर्ज म्हणजे शाळेचं नाव न लावता बाहेरून दहावीला बसायचं. शाळा नाही, शिकवणारं कुणी नाही, आणि नापास झालं तरी शाळेच्या निकालाला डाग नाही. आमच्या वस्तीतल्या बऱ्याच पोरांनी सतरा नंबर भरला. त्यातलं एकही दहावी पास झालेलं मी बघितलं नाही. सगळी खडी क्रशरवर गेली.

हेंद्रे मला दारातच भेटला. अंबिका त्याच्या मागं उभी होती, वेणी घट्ट घातलेली.

"आज्जी, मुख्याध्यापकांनी आधी मला सांगितलंय तुम्हाला समजावायला," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या मुलीवर ताण येतोय, तिच्या भल्यासाठीच आहे, असं सगळं. समुपदेशक आहात तर करा समुपदेशन, म्हणाले."

"मग कर की."

"नाही करणार. आत जाऊ आणि मी बोलणार. तुम्ही फक्त दाखला मागायचा नाही. काही झालं तरी मागायचा नाही." त्यानं रुमालानं मान पुसली. "ही दोन्ही विषयांत थोडक्यात राहिलीय. जूनच्या फेरपरीक्षेत निघेल. मी घेतोय तिची तयारी."

मी अंबिकाकडं बघितलं. ती सरांकडं बघत होती.

मुख्याध्यापक तांबवेकर सर माणूस म्हणून वाईट नव्हते. मला खुर्ची दिली, चहा सांगितला. ओतारी ताईंच्या हॉलमध्ये मी जसा मुख्याध्यापक करायची तसा खरा कुणीच बोलत नाही, हे मला तिथं बसल्यावर कळलं. ते फार गोड बोलत होते.

"आज्जी, तुम्ही तर शिकलेल्या. सही करता, वाचता. तुम्हाला काय समजावायचं? मुलगी गुणाची आहे. पण दहावी झेपणार नाही तिला. सगळ्या वर्गासमोर नापास झाली तर मनावर परिणाम होतो. हल्ली मुलं काय काय करून घेतात, आपण पेपरात वाचतो. त्यापेक्षा सतरा नंबर. घरी बसून निवांत अभ्यास."

"घरी बसून कुणी शिकवायचं सर?" मी म्हणाले.

"अहो, जिद्द असली की सगळं होतं."

"जिद्द हाय म्हणूनच शाळेत येती ती."

ते हसले आणि हेंद्रेकडं वळले. "हेंद्रे, तुम्ही बोलला नाहीत का आज्जींशी?"

हेंद्रे उभाच होता. त्यानं हात मागं बांधले. "बोललो सर. पालक दाखला मागत नाहीत."

"मागत नाहीत म्हणजे?"

"पालकांनी मागितल्याशिवाय दाखला देता येत नाही. तिची फेरपरीक्षा घ्यावी लागेल. नियम आहे सर."

चहा आला. शिपाई कप ठेवून गेला. तांबवेकर सरांनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"नियम मलाही माहीत आहेत," ते म्हणाले. "संस्थेचा निकाल घसरला की तुकडी जाते. तुकडी गेली की दोन शिक्षक जातात. त्यांच्या घरी कोण जाणार, तुम्ही? एका मुलीचं बघता, ठीक आहे. मला सगळ्यांचं बघावं लागतं." मग जरा थांबून अगदी सहज म्हणाले, "तुमचा अहवाल पण याच महिन्यात पाठवायचा आहे ना?"

हेंद्रेनं खुर्चीकडं बघितलं. मी मनात म्हटलं, आता बसतोय हा. हॉलमधल्या नाटकात पहिल्या दिवशी तो असाच बसला होता.

पण तो बसला नाही.

"हो सर. पाठवायचा आहे," तो म्हणाला. "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा. पण ही मुलगी याच शाळेतून दहावीला बसेल. ते ठरेपर्यंत मी इथून..."

"सर," अंबिका म्हणाली.

त्या खोलीत ती बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सगळे तिच्याकडं वळले.

"मला सतरा भरायचाय."

हेंद्रे तिच्याकडं बघतच राहिला. "अंबिका, काय म्हणतेस?"

"माझंच मन न्हाई सर. गणित नको वाटतंय. मला शाळेत यायचंच न्हाई."

"खरं सांग. कुणी काही बोललं का तुला?"

"खरंच सांगते."

तांबवेकर सरांनी हात टेबलावर पसरले. त्यांनाही आश्चर्य वाटलं असावं, पण ते लगेच सावरले. "बघा हेंद्रे. मुलाचं ऐका, मुलाचं ऐका, हेच शिकवतात ना तुम्हाला? मग ऐका."

मी अंबिकाचा दंड धरला आणि आमच्या वडारी बोलीत तिला विचारलं, "डोकं फिरलंय का तुझं? काय बोलतेस हे?" ती बोली त्या खोलीत आम्हा दोघींशिवाय कुणाला कळत नव्हती.

तीही त्याच बोलीत, जमिनीकडं बघत म्हणाली, "सरांचं बाळ यायचंय अव्वा."

मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "तू सही केली नाहीस तरी मी उद्यापासून शाळेत येणार नाही. आणि सरांना सांगितलंस, तर मी तुझ्याकडं पण राहणार नाही."

"काय म्हणतेय मुलगी?" तांबवेकर सरांनी विचारलं.

मी हेंद्रेकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता. त्यानं अजून एकदा जोर केला असता, एकदा म्हणाला असता की नाही, मी ऐकत नाही, तर मी तिथंच सगळं मराठीत सांगितलं असतं. मी वाट बघितली. त्याचे मागं बांधलेले हात सुटले. खांदे खाली आले. कुणी डोक्यावरचा दगडांचा हारा उतरवून घेतल्यावर आमच्या बायकांचे येतात ना, तसे. मग त्यानं खुर्ची ओढली आणि तो बसला.

"घरी जाऊया म्हणती," मी म्हणाले.

कागद समोर आला. वर छापलेलं होतं आणि खाली जागा होती. मी सगळं वाचलं. माझ्या पाल्याचा दाखला मी स्वखुशीने मागत आहे. मी अंबिकाकडं बघितलं, तिनं मान हलवली. मी सावकाश सही केली, साबव्वा यल्लप्पा धोत्रे.

"वा," तांबवेकर सर म्हणाले. "किती सुंदर अक्षर आहे आज्जींचं."

वाटेत मी तिला खूप बोलले. ती ऐकत चालत होती. फाटकाबाहेर आल्यावर तिनं एकदाच मागं वळून बघितलं, शाळेकडं नाही, त्या फ्लेक्सकडं. म्हणाली, "मी पुढच्या वर्षी सतरा भरीन की अव्वा. सर मदत करतील."

मे महिन्यात हेंद्रे वस्तीवर आला. पेढे घेऊन आला होता. मुलगी झाली होती. अंबिका चुलीपुढनं उठून आली, हात पुसले आणि पेढा घेतला. "कशी हाय?" तिनं विचारलं.

"छान आहे. तुझ्यासारखी गप्प आहे," तो म्हणाला. ती इतकी हसली, की मला तोंड फिरवावं लागलं. त्यानं तिला जुनी पुस्तकं दिली, येत जा म्हणाला. त्याच्या शर्टाच्या खिशात नव्या ऑर्डरचा कागद होता. तो त्यानं मला काढून दाखवला.

पुढच्या वर्षी सगळ्या तालुक्यातले समुपदेशक काढून टाकले. वरून आदेश आला होता, पैसे नाहीत म्हणून. कुणाच्या अहवालात काय लिहिलंय ते कुणी बघितलंसुद्धा नाही. जो खुर्चीपुढं उभा राहिला तो गेला आणि जो कधीच उभा राहिला नाही तोही गेला. हेंद्रे त्याच्या गावाकडं निघून गेला. कुणी म्हणतं मोबाईलचं दुकान आहे, कुणी म्हणतं विमा विकतो. अंबिकाला मी यातलं काही कळू दिलं नाही.

तोवर अंबिका क्रशरवर जायला लागली होती. तिचा बाप कालव्यावर पडला, कंबर मोडून घरी बसला, घरी कमावणारं कुणी उरलं नाही. सतरा नंबर राहिला. सरांनी दिलेली पुस्तकं तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवली. पुढं तिचं लग्न झालं, तेही क्रशरवरच्याच मुलाशी.

समुपदेशकांच्या जागा काही वर्षांनी पुन्हा निघाल्या, दुसऱ्या नावानं. ओतारी ताईंनी मला पुन्हा बोलावलं. हॉल तोच, खुर्ची तीच, पाठीवर कागद नवा. मी त्या खुर्चीत बसले नाही.

"आज्जी, मुख्याध्यापक तुम्हीच करायचा," ताई म्हणाल्या.

"आता मी पोरगी करते," मी म्हणाले.

सगळे हसले, माझे पिकलेले केस बघून. मी मुलीच्या स्टुलावर जाऊन बसले. समोर एक नवी मुलगी समुपदेशक म्हणून बसली, चांगली होती, तळमळ होती. मी गप्प राहिले. तिनं दोनतीनदा विचारलं, मी गप्पच. मग शिकवल्याप्रमाणं ती पुढं झुकली आणि म्हणाली, "तुला एक सांगू का? माझ्या घरीसुद्धा ना..."

"नको," मी म्हणाले.

ती गोंधळली. तिनं ताईंकडं बघितलं. ताईंनी मला विचारलं, "का आज्जी? हेच तर करायचं असतं."

मी म्हणाले, "मी लहान हाय. मला तिचं ओझं देऊ नका. मी ते उचलीन."

ताईंनी पुढं काही विचारलं नाही. त्यांना मी कधी सगळं सांगितलं नव्हतं, त्या दिवशीही सांगितलं नाही. पण त्यांनी त्या मुलीला हातानंच थांबवलं.

मागच्या आठवड्यात मी क्रशरकडं गेले होते, अंबिकाला भाकरी द्यायला. आता माझ्याच्यानं तेवढंच होतं. ती खडी वाहणाऱ्या पट्ट्याजवळनं खाली आली. पापण्यांवर धूळ बसून त्या पांढऱ्या झाल्या होत्या. तोंडावरचा फडका सोडल्यावर ती आधी खोकली, पुष्कळ वेळ. मग पाणी प्याली आणि माझ्याजवळ बसली. ती भाकरी मोडत होती आणि मी तिच्या हातांकडं बघत होते. माझे हात त्या वयात तसेच होते.

"अव्वा," ती म्हणाली, "हेंद्रे सर आता पर्मनंट झाले असतील न्हाई?"

दर वर्षा दोन वर्षांनी ती हे विचारते. कधी मध्येच, कधी झोपेतून उठल्यासारखी.

"झाले की," मी म्हणाले. "कवाच झाले."

"आणि पोरगी?"

"आता मोठी झाली आसंल. शाळेत जात आसंल."

"जाणारच," अंबिका म्हणाली. तिनं फडका झटकला, नाकातोंडावर घट्ट बांधला आणि ती पुन्हा पट्ट्याकडं चढून गेली.